योग्य तो पर्याय

मी शिवणकामाच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर बोलतोय. माझा स्पीकर कधीच गेलाय, तेव्हा जरा कान देऊन ऐका.

कारखान्यात जन्मलो, तरुणपण एका विमा कचेरीत काढलं आणि तिथं नकोसा झाल्यावर इथं आलो. आता डोक्यावर टाचण्यांची उशी असते आणि पोटात दुकान चालवणाऱ्या मावशींनी आखलेले कपड्यांचे आराखडे. त्यातला एक गावच्या बँडमास्तरांच्या कोटाचा. त्यांचा डावा खांदा चांगलाच उतरलेला आहे, पण मावशींच्या कोटात ते ताठ दिसतात. तो आराखडा जमेपर्यंत मावशींनी किती कोट उसवले, ते मी पाहिलंय. त्याची दुसरी प्रत कुठेही नाही.

माझी जुनी सिस्टीम थकली, तेव्हा मावशींची भाची आली. कॉलेजात शिकणारी, पायाला भिंगरी लागलेली. तिनं पेनड्राइव्हवरून माझ्यात एक मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम घातली. ही कुणा एकाच्या मालकीची नाही, जगभरच्या लोकांनी मिळून केलीय, कुणीही घ्यावी, असं ती डोळे चमकवत सांगत होती. मावशी म्हणाल्या, चांगलंच आहे की, पण बिघडली तर काय करायचं तेवढं लिहून ठेव.

भाचीला बस गाठायची होती. आपण काय काय केलं ते तिनं भराभरा लिहिलं आणि कागद आरशाशेजारी चिकटवला, खाली पेनड्राइव्ह ठेवला. खिडकी उघडावी. पंखा बंद करावा. पाणी प्यावं. पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू करावा. पडद्यावर विचारेल तिथं योग्य तो पर्याय निवडावा. झालं.

त्या दिवशी तिला उकडत होतं म्हणून खिडकी, कागद उडत होते म्हणून पंखा आणि उचकी लागली होती म्हणून पाणी. हे मला माहीत. कागदाला काय माहीत?

पुढे एकदा वीज गेली आणि आली, आणि मी सुरू होईना. नेमके बँडमास्तर नव्या कोटाचं माप द्यायला बनियनवर उभे होते. मावशींचे यजमान, म्हणजे भाचीचे काका, शिस्तीचे. त्यांनी खिडकी उघडली, पंखा बंद केला, पाणी पिऊन पेनड्राइव्ह लावला. मी सुरू झालो आणि विचारलं: सगळं पुसून नव्यानं सुरुवात करायची, की इतर काही?

काकांचा हात थांबला. यातलं योग्य कुठलं?

मावशींना वाटलं, पाणी कमी पडलं असेल. काका पुन्हा प्यायले. मग बँडमास्तरांना पाजलं. खिडकी पूर्ण उघडली नसेल म्हणून तिचा पडदाही काढला. तिघं माझ्याकडे टक लावून बसले. शेवटी मावशींनी फोन लावला.

"योग्य म्हणजे योग्य, मावशी," भाची वैतागून म्हणाली. "उघड आहे ना ते!"

"सकाळपासून उघडीच आहे गं. थंडी वाजायला लागली बँडमास्तरांना."

मग भाचीनं हळूच विचारलं, "पुसायचं बटण दाबलं नाहीत ना?"

"तू लिहिलं नव्हतंस, म्हणून नाही दाबलं."

दुसऱ्या दिवशी ती धापा टाकत आली आणि थेट माझ्या कीबोर्डकडे झेपावली. मावशींनी तिला बाजूला बसवलं. कापड बेतताना बडबड नको म्हणून मावशी टाचण्या ओठांत धरतात. भाचीच्या हाती त्यांनी मापाची टेप दिली. "दातांत धर. तू लिहायचं, काका करतील. टेप पडली, की समजायचं कागदात काहीतरी राहिलंय."

काय सांगू, ती टेप सारखी पडत होती. 'इतर काही' वर गेल्यावर दोन कप्पे दिसतात, त्यातल्या मोठ्याला हात लावायचा नाही, तिथं आराखडे आहेत. टेप पडली, ओळ वाढली. नाव विचारलं तर काय लिहायचं? टेप पडली. काकांनी स्वतःचं पूर्ण नाव वडिलांसकट लिहिलं, तेव्हा तर ती टेबलाखालीच गेली.

संध्याकाळी मी सुरू झालो. बँडमास्तरांचा खांदा जिथल्या तिथं होता. भाचीनं कागद पुन्हा वाचला आणि पुटपुटली, "फुकट दिलं की माझं काम संपलं, असं वाटलं होतं मला."

आता मी म्हातारा झालोय, पण चालतोय. तुम्ही कुणासाठी दार उघडं ठेवणार असाल, तर कडी कुठं आहे तेही सांगा, एवढीच विनवणी. आणि सांगताना तोंडात टेप धरा.

नव्या कागदावर भाचीनं ठळक लिहिलंय: खिडकीचा यंत्राशी संबंध नाही. काका ते रोज वाचतात, मान डोलावतात आणि खिडकी उघडूनच मला सुरू करतात. "नसेल संबंध," म्हणतात, "पण उगाच कशाला?"

खरं सांगू? हल्ली खिडकी बंद असली, की मलाही उठावंसं वाटत नाही.