सरपंच आणि शिळं पाणी

गाळणीच्या जाळीत अडकलेला एक खवला. तिळाहून जरासा मोठा, नारिंगी, उजेडाकडे धरला की सोनेरी. जगदेवीने तांब्याभर पाणी ओतलं तरी तो निघेना. या गाळणीने आता चहा गाळायचा नाही, नवी आणायची... आणि लगेच तिला वाटलं, हे काय सुचतंय मला, तिकडे सरपंच वर्तमानपत्रावर आडवा पडलाय, आणि मी गाळणीचं बघतेय.

सरपंच म्हणजे काचपेटीतल्या दोन माशांपैकी थोराड. नाव सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, ठेवलेलं. "कुणी दिसलं की तोंड उघडतोय. सरपंचच हाय ह्यो." दुसरा सदा प्लास्टिकच्या झाडाआड, म्हणून तो पाहुणा. "येऊन आठ म्हयनं झालं, आजून लाजतोय बघ." सासूबाई गेल्यावर मामांनी बैल विकले, वाशी तालुक्यातलं गाव सोडलं आणि ते धाराशिवला आले. आले ते मुकेच. जेवलात का, व्हय. झोप लागली का, व्हय. तिचा नवरा वीरभद्र एसटीवर, आज पुणे, उद्या सोलापूर. घरात ही दोघं आणि मधे तो एक शब्द. मासे आणले आणि मामा बोलायला लागले. आधी माशांशी, मग माशांबद्दल तिच्याशी. घरात माणूस बोलतं तेव्हा भांडीसुद्धा वेगळी वाजतात, हे तिला तेव्हा कळलं.

आज सकाळची शाळा सुटून ती घरात शिरली, तर मामा पेटीसमोर स्टुलावर, हात गुडघ्यावर.

"पोरी, सरपंच उलटा झालाय."

का?

थंडी... मार्चात कसली थंडी. खाणं जास्त झालं... दाणे मामाच टाकतात, चिमटीतून, भस्म लावावं तसे जपून. वय... नाही. वय झालं की माणूस जातो, तसा मासा गेला, हे यांच्यासमोर बोलायचं नाही. गेल्या महिन्यात गॅस चालू राहिला, दूध करपलं, कुणी काही बोललं नाही. तरी मामांनी खुंटीवरची पिशवी काढली. "माझ्या हातनं हितं नुकसानच व्हतंय," म्हणाले, आणि गावी गेले. दहा दिवस रिकाम्या गोठ्यासमोर एकवेळ जेवून राहिले. वीरभद्रने कसंबसं परत आणलं. पिशवी पुन्हा खुंटीवर आहे. तिची गाठ मात्र अजून कुणी सोडलेली नाही.

तिने स्वयंपाकघराचं दार ओढून दुकानदार इरशादला फोन लावला.

"टीचर, पाणी बदललं का?"

"नाही."

"तुमच्याकडं आज नळ आला ना?"

"आलाय. पण मी शाळेत होते."

"मग कुणीतरी बदललंच असंल. नळ आला की दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात निम्मं गाव मासे घेऊन रडायला. नळाच्या पाण्यात औषध असतंय, दोन दिवस उघडं ठिवल्याबिगर घालायचं नसतंय, म्हणलो होतो की तुम्हाला. दुसरा जगलाय का? तर जुन्या पाण्यात टाका त्याला, लगेच."

म्हणला होता. आणि तिने वीरभद्रला सांगितलं होतं. पण मामांना...

तोवर मामा मागच्या दाराशी उभे. "कढीपत्त्याच्या बुडाशी ठिवू त्याला. रस्त्यावर नगं टाकू."

कुंडीतली माती ओली होती. भर उन्हात गच्च ओली, आणि मातीवर निळा, गुळगुळीत, वाटाण्याएवढा एक खडा. शेजारी आणखी एक. पेटीच्या तळाचे.

मामांकडे पाठ करून तिने दोन्ही खडे पदराच्या टोकाला बांधले.

आता सगळं दिसलंच. आठव्या दिवशी नळाची सूंऽऽ करून हवा सुटते, मामा उठतात, हंडे, घागरी, टाकी, सगळं काठोकाठ. आणि मग पेटी. गावाकडे विहिरीजवळ जनावरांच्या पाण्याचा दगडी हाळ होता. वीरभद्र सांगतो, बाजाराच्या दिवशी मामा तो नारळाच्या शेंड्यांनी घासायचे, तळ दिसेपर्यंत, मगच ताजं पाणी भरायचे. शिळ्या पाण्याला जनावर तोंड लावत नाही म्हणून. त्या हातांनी आज सरपंचाचा हाळ घासला. काच किती लख्ख झालीय, आल्या आल्या दिसलं होतं मला. आणि मी मनात म्हटलं होतं, आज ऊन छान पडलंय.

मी सांगितलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षं पाणी शेंदलेल्या माणसाला पाणी कसं भरावं हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होते... मान राखला, आणि मासा मेला. माझाच तर...

पण पाहुणा? तो झाडाआडून वर आला होता. पाण्याच्या तोंडाशी भराभर गलफडं हलवत होता, लाज सोडून.

मोरीतल्या पिंपात मागच्या नळाचं पाणी उरलं होतं. आज रिकामं करायचं तिच्याकडून राहून गेलेलं. त्या पाण्याने पातेलं भरायचं, पाहुण्याला त्यात सोडायचं. दोन मिनिटांचं काम. पण मामा स्टुलावर. मामांच्या देखत. ते झोपेपर्यंत थांबावं... तोवर हा टिकेल? गलफडं हलतायत. खुंटीवर पिशवी. गलफडं. पिशवी.

तिने पातेलं भरून आणलं.

"ते शिळं हाय की गं," मामा म्हणाले.

"व्हय मामा."

गाळणीत पाहुणा एकदा फडफडला आणि पातेल्यात गेला. तळाशी जाऊन थांबला. मामा पातेल्यावर वाकले. मग मामा म्हणाले, सावकाश, जणू बाजारात एखाद्या जनावराचे दात बघून विचारावं तसं,

"त्याला ताजं न्हाय चालत?"

पातेलं भरताना तिने वाक्य तयार ठेवलं होतं. म्हणजे तीन-चार वाक्यं होती, एकात औषध होतं, एकात इरशाद, एकात सगळा दोष तिचाच. त्यातलं एकही आलं नाही.

"न्हाय चालत," ती म्हणाली. "मला सांगायचं राहिलं."

मामा उठले. भिंतीपर्यंत गेले, खुंटीखाली थांबले. जगदेवीने पदरातले खडे मुठीत घट्ट धरले. मामांनी पिशवीची गाठ सोडली, आतून जुनं उपरणं काढलं, झटकलं. मग स्टूल ओढत पातेल्यापाशी आणलं आणि उपरणं मांडीवर घेऊन बसले.

"मांजर येतंय शेजारचं," म्हणाले. "आन् चहा कर. कशानं गाळशील?"

"फडक्यानं."

"हं."

त्यांना कळलं? पुरतं कळलं, की जेवढं पाहिजे तेवढंच... विचारावं? ती आधणाकडे बघत राहिली. घरात शिरल्यापासून "का" हा शब्द छातीत खड्यासारखा टोचत होता. तो अजूनही तिथेच होता, पण आता दोघांच्या मधे कुठेतरी पडल्यासारखा, कुणीही उचलावा किंवा पडू द्यावा असा. मागून मामांचा आवाज आला, हलका, तिच्याशी नव्हे: "भिऊ नगंस. शिळंच हाय."

पाणी उकळायला लागलं. तिने साखर दोनदा घातली, आणि ते लक्षात येऊनही हसू आलं तिला, की रडू, तिलाच नीट कळेना.