सातवा हात

मागे वळून बघू नका, मीच बोलतेय. लिंबाखाली उभी आहे ना काळी-पिवळी जीप, ती मी. नायगाव-धर्माबाद रस्त्यावर माझी सतरा वर्षं गेली. परवानगी नऊ जणांची, बसतात सोळा. आणि माणूस दाटीवाटीनं बसला की त्याच्या तोंडाला झाकण राहत नाही. म्हणून सांगते, माझा कुणावर विश्वास नाही. उतरताना जो जास्त वाकून नमस्कार करतो, त्याच्यावर तर बिलकुल नाही.

माझा मालक मन्मथ. जिवाला सरळ, पण कुणी 'गावासाठी' म्हटलं की लगेच विरघळतो. त्याला पंचायतीत निवडून आणलं महामायाताईंनी. ताई आमच्या सरपंच. मन्मथची बायको बाळंतपणात अडली होती तेव्हा तिचं डोकं मांडीवर घेऊन ताईच माझ्यात बसल्या होत्या, थेट नांदेडच्या दवाखान्यापर्यंत. त्याला त्या भाऊ म्हणायच्या, आणि ते नुसतं म्हणणं नव्हतं.

ताईंचा एकच हट्ट होता. गायरान कुणाला द्यायचं नाही. भूमिहीनांची शेळ्या-गुरं तिथंच चरायची. उपसरपंच दयानंदला तिथं खडी क्रशर उभं करायचं होतं. पण हा पठ्ठ्या ताईंशी कधी भांडला नाही. सभेत आपलं 'ताई म्हणतील ते'. माझ्या स्प्रिंगच्या पाट्यांत तेव्हाच कळ आली होती.

त्या साली हायस्कूलच्या गॅदरिंगला पोरांनी रोमच्या एका राजाचं नाटक बसवलं. अंगाला गुंडाळायच्या पांढऱ्या चादरी आणि पुठ्ठ्याचे सुरे माझ्याच टपावरून गेले. राजाला दरबारातली माणसं घेरून मारतात, आणि त्यांत त्याचा जिवाभावाचा मित्रही असतो. मन्मथ ढसाढसा रडला. पहिल्या रांगेत दयानंद मात्र हनुवटी खाजवत बसला होता. मी शाळेच्या फाटकातून बघत होते. अगं बाई, म्हटलं, हा नाटक बघत नाहीये, शिकून राहिलाय!

महिन्याभरात अविश्वास ठराव आला. पंचायत नऊ जणांची, आणि बाई सरपंचाला खाली ओढायला कायद्यानं पाऊण पंचायत, म्हणजे सात हात पाहिजेत. दयानंदकडे स्वतःला धरून सहा. मग आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहेच. मेंबर फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला न्यायचं आणि थेट सभेच्या दारात आणून सोडायचं. गाडी ठरली माझीच.

मन्मथ ताईंना म्हणाला, "मी त्यांच्यात जातो. तेवढंच त्यांचं काय चाललंय ते कळतंय. सातवा हात काई पडत न्हाई, ताई."

ताई हसल्या. "तुमच्या हाताची मला कवाच काळजी न्हाई, भाऊ."

गाव सुटल्याबरोबर दयानंदनं तांदळाची रिकामी पिशवी फिरवली. सगळ्यांचे फोन तिच्यात गोळा झाले. मन्मथचाही. टाकताना त्यानं एक क्षणही विचार केला नाही, कारण सहलीत असंच असतं. मला मात्र ती पिशवी सुरुवातीपासून आवडली नाही.

धर्माबादला मन्मथ सगळ्यांसाठी चहा सांगायला गेला, आणि दयानंदनं माझ्या बॉनेटवर पंचायतीचा शिक्का मारलेला कागद पसरला. आधी पेपरच्या कडेला तीनदा सही गिरवून बघितली, मग कागदावर केली. महामायाताईंची सही! माझ्या पत्र्यावर झाली हो ती. पेनाचं टोक मला टोचत होतं. हॉर्न वाजवावा, दिवे लावावेत असं वाटलं, पण किल्ली मन्मथच्या खिशात.

दुपारी बासरला लॉजसमोर दयानंद मन्मथच्या शेजारी येऊन बसला. कागद पुढे केला. गायरान क्रशरला द्यायला सरपंचाची संमती, असं त्यावर लिहिलेलं.

"हे खोटं हाय," मन्मथ म्हणाला. "ताई असं करणार न्हाईत. फोन दे माझा, इचारतो."

"पिशवी लॉजवाल्याकडं ठिवलीय. आन् चोराला इचारून चोरी कळती व्हय?" दयानंदचा आवाज अगदी मऊ. "त्या नाटकात रडला व्हतास ना तू? त्यो दोस्त वाईट नव्हता, मन्मथ. त्याचा राजावर लई जीव व्हता. पण गाव मोठं का माणूस?"

मन्मथनं ती सही पुन्हा बघितली, आणि या वेळी फोन मागितला नाही.

सभेच्या सकाळी मी अडून बसले. सेल्फ मारला, नुसतं घुरघुरले. मारा किती मारायचा तो! पण ज्यांनी कधी रस्त्यातला दगड बाजूला केला नाही, ते सहाच्या सहा मेंबर खाली उतरून मला ढकलायला लागले. उतार होता. मी सुरू झाले, त्याची लाज मला अजून वाटते.

गावात शिरताना आम्ही ताईंच्या दारावरूनच गेलो. ताई अंगणात केस विंचरत होत्या. त्यांनी हात केला. मन्मथनं समोर बघत गियर बदलला.

पंचायतीच्या खिडकीला लागूनच मला उभं केलं होतं. तहसीलदार म्हणाले, "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा." सहा हात झाले. मग सातवा, मन्मथचा.

ताईंनी त्या हाताकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी स्वतःचाही हात वर केला.

"माझाबी लिहा, साहेब. मन्मथभाऊला तसं वाटलं म्हंजे माझंच काईतरी चुकलं आसंल."

दयानंद सरपंच झाला. दुसऱ्या महिन्यात गायरानावर क्रशर धडधडायला लागलं, संमतीच्या ठरावावर सह्या दयानंदच्या आणि त्याच्या पाच जणांच्या, ताईंच्या सहीच्या त्या कागदाचा कुठं पत्ताच नाही. ते ऐकून मन्मथ मला घेऊन तसाच ताईंच्या दारात गेला. रडत रडत कागदाचं सगळं सांगितलं.

ताईंनी आधी त्याला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "फोन पिशवीत व्हता, मान्य. पण त्या दिवशी दारावरून गेलाव की. एक बिरेक मारून इचारलं आसतं तर?"



आता ताई दर सोमवारी क्रशरविरुद्ध तक्रारीची फाईल घेऊन नांदेडला जातात. मन्मथ सकाळीच मला पुसून त्यांच्या दारात उभी करतो. दुसरं भाडं घेत नाही. ताई, माझं ऐका, एकदा तरी बसा हो. तो मूर्ख आहे, पण दयानंदसारखा लबाड नाही. आणि मी तर सगळं बघितलं होतं, मला फक्त सांगता आलं नाही.

ताई बाहेर येतात. तो दार उघडून धरतो.

"तुमी जावा, भाऊ," त्या म्हणतात, "मला येष्टी हाय."

फाईल छातीशी धरून त्या फाट्याकडे चालत जातात. अजूनही त्याला भाऊच म्हणतात. मन्मथ दार लावून घेतो आणि कितीतरी वेळ माझ्या स्टिअरिंगवर डोकं टेकून बसतो.