तांबड्या अळ्यांची साक्ष

डोहाकाठी सारा गाव दाटला होता आणि दगडीबाई रिकामी घागर घेऊन मधोमध उभी होती. सातपुड्याच्या पायथ्याशी, १९६७च्या कार्तिकात, आठवडाभर डोहातले मासे पोट वर करून तरंगत होते. वना भगताने लिंबाची डहाळी झटकून निदान केले होते, "डाकीण पाणीमा रगत थुकी ऱ्हायनी!" साऱ्यांच्या नजरा विधवा दगडीबाईकडे वळल्या होत्या.

आज परीक्षा होती: जिच्या घागरीतले पाणी पांढऱ्या फडक्यावर रगत सोडेल, ती डाकीण. तीन बायांनी वरच्या, वाहत्या पाण्याच्या उतारावर, घागर तळाला टेकवून पाणी भरले. दगडीबाईला मात्र वनाने खालच्या कोपऱ्यात धाडले. "तुनी सावली आठे नको."

तिघींच्या पाण्याने पांढरे फडके स्वच्छ राहिले. दगडीबाईची घागर फडक्यावर ओतली, आणि गाळात रक्ताच्या धाग्यांसारख्या अळ्या वळवळू लागल्या.

"देखा, रगत! निंघ गावमाईन!" वना ओरडला.

सख्ख्या दिराने, बिजलाने, दगड उचललेला दगडीबाईने पाहिला.

"माय व, मी काहीच कयं नही..."

"थांबा, बिजलाभाऊ!" शाळेचे सुकदेव मास्तर गर्दीतून पुढे आले. ते अमळनेरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकले होते. "वनाआबा, आता दगडीअक्कांच्या कोपऱ्यात तुम्ही भरा. अक्का वरच्या उतारावर भरतील."

"मी देवना माणूस..."

"मंग घाबरस कसाले?" एक म्हातारी खेकसली. कुणीतरी हसले.

वनाला भरावेच लागले. त्याच्या फडक्यावर तांबडे धागे वळवळले. दगडीबाईचे फडके पांढरेच राहिले.

मास्तरांनी उतारावरचा दगड उलथला. खाली कुशीला पिसांसारखे कल्ले असलेले किडे होते. "किड्यांची नावे राहू द्या. कोण श्वास कसा घेतो, ते पाहा. या किड्याला हवा मिसळलेले वाहते पाणी लागते. त्या अळीच्या रक्तात मात्र आपल्यासारखाच हवा धरून ठेवणारा तांबडा पदार्थ आहे. मासा गुदमरतो, तिथे ती जगते. कोपऱ्यातले पाणी कुजून त्यातली हवा संपली आहे, म्हणून मासे मेले."

त्यांनी बांबू खुपसून वर ओढला. दोरांसाठी गावानेच भिजत घातलेली अंबाडीची काळी, घाण मारणारी पेंढी निघाली.

बिजलाच्या हातातला दगड गळला. "आबा, मासा धराले गळले हाईच किडा लावस ना तू? तुले माहीत व्हतं!"

वना गर्दीतून मागे सरकला. माणसे पेंढ्या ओढू लागली. दगडीबाई मात्र जागची हलली नाही.

"मास्तर, उद्या दुसरं काही मरनं तं?"

मास्तर तिच्याकडे नव्हे, गावाकडे वळले. "कोणाला घराबाहेर काढण्याआधी एवढेच करा: स्वतः पाण्यात हात घाला आणि पाहा."