बाटलीतला फुगा

माझा भाऊ बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. त्याच्या छातीच्या भात्याचं आम्हा सगळ्यांनाच कौतुक, त्याला स्वतःला जरा जास्तच. म्हणून तर त्याच्या लेकीने त्यालाच गाठलं.

हवेच्या दाबाचे प्रयोग करायचं वेड तिला सुट्टीत लागलं होतं. काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला उलटा करायचा आणि पाणी सांडलं नाही की सगळ्यांकडून टाळ्या घ्यायच्या. सांडलं, तर पुठ्ठाच वाकडा होता म्हणून ठणकावून सांगायचं. भाऊ तिला मास्तरीणबाई म्हणे. त्या संध्याकाळी तिने प्लॅस्टिकच्या बाटलीत फुगा सोडला, फुग्याचं तोंड बाटलीच्या तोंडावर ताणून बसवलं आणि म्हणाली, "बाबा, एवढा फुगवून दाखवा."

फुगा फुगणार नाही, हे तिला ठाऊक होतं. बाटलीत आधीच हवा असते. तिला बाहेर जायला वाट नसेल, तर फुगा जागा कुठून करणार? बाबा हरले की बाटलीला भोक पाडून गंमत दाखवायची, असा तिचा बेत.

"फुग्याची काय बिशाद!" भाऊ म्हणाला आणि फुंकत सुटला. मान ताठली, डोळे लाल झाले. वहिनी म्हणाली, "अहो, पुरे आता." पण तो हट्टाला पेटला होता. मग एकाएकी छाती धरून खाली बसला.

दवाखान्यात कळलं, फुप्फुसाला छिद्र पडून हवा छातीत साठली होती. "ती जागा आधीपासूनच नाजूक होती. उद्या शिंकतानाही हे झालं असतं," डॉक्टर म्हणाले. वहिनी त्याच्यापाशी राहिली, मी पोरीजवळ घरी. डॉक्टरांचं बोलणं मी तिला समजावून सांगितलं. पण बाबांना भेटायला चल म्हटलं की पलंगाखाली जाऊन बसायची.

वहिनीचा फोन आला तेव्हा ती माझ्या शेजारीच होती. भावाच्या छातीत नळी घातली होती, पण दुखतं म्हणून तो खोकतच नव्हता. खोकल्याशिवाय आतली हवा नीट निघेना. फुप्फुस उघडलं नाही, तर ऑपरेशन. "माझं ऐकतच नाहीत हो," वहिनी म्हणाली. "लेक कुठाय, एवढंच विचारतात."

मी देवापुढे जाऊन बसले. जपात मन लागेना. मागून आवाज आला, "आत्या, नळीने हवा आत जाते की बाहेर?"

"बाहेर, बाळ."

ती उठली आणि ओट्याखाली पडलेली ती बाटली घेऊन आली. "भोक पाडून दे."

मी खिळा तापवून भोक पाडलं. तिने फुंकर घातली. फुगा बाटलीभर फुलला. भोकावर बोट दाबून तिने तोंड काढलं. फुगा तसाच राहिला. एरवी नाचली असती. आता नुसती बघत राहिली, मग म्हणाली, "आपण जाऊ."

वॉर्डात भाऊ उशीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली. तिला बघताच त्याने हात पुढे केला. ती जवळ गेली नाही. खाटेशेजारी उकिडवी बसली. नळीचं टोक तिथे खाली एका बाटलीतल्या पाण्यात बुडवलेलं होतं.

"पाण्यात का?" तिने सिस्टरना विचारलं.

"बाहेर पडलेली हवा परत आत शिरू नये म्हणून. पण तुझे बाबा खोकतील तेव्हा ना! बसलेत आपले राजासारखे."

"मास्तरीणबाई," भाऊ हळूच म्हणाला, "रागावलात होय?"

ती उभी राहिली. "माझ्यामुळे झालं."

"वेडाबाई! फुंकलं कोणी? मी. तुझी आई पुरे म्हणत होती, मी थांबलो का?"

"मग आता खोका."

"दुखतं गं."

"मला माहितेय." तिने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. "तरी खोका."

भावाने उशी छातीशी कवटाळली, डोळे मिटले आणि खोकला. चेहरा पिळवटला, तोंडून कण्हणं निघालं. बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे उसळले. पोरीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण तिने हात सोडला नाही.

"अजून एकदा, बाबा," ती म्हणाली.