शिडीच्या पायाशी

इंदूबाई गेल्या हे मला कळले ते माझ्या शेजारचे दोन बांबू उचलले गेले तेव्हा. सकाळची वेळ होती. मी गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होते. संत्र्याच्या भरलेल्या फांद्यांना टेकू द्यायचे बांबू माझ्या शेजारीच ठेवलेले असत. शेजारचा शालिकराम दोन माणसे घेऊन आला आणि त्याने बांबू दाबून पाहायला सुरुवात केली. एका माणसाने माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हे शिडी खोलली तं दोन पक्के बांबू निघतात."

शालिकराम त्याच्यावर खेकसला. "हात नको लावू तिले. त्या बाईची शिडी हाय ते."

मग तो तिथेच शेणाच्या ढिगाजवळ खाली बसला आणि खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर घेऊन रडला. तिरडीला बांबू लागतात हे मला माहीत होते. कोणाच्या, ते तेव्हा समजले.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आले ते सांगायला मला लाज वाटते. मला वाटले, बरे झाले, मला नाही नेले.

मी एक जुनी शिडी आहे. सौंसरकडून बोरगावला जाताना जी गावे लागतात त्यांतल्या एका गावात, पुंडलिकराव आणि इंदूबाई या नवराबायकोच्या घरी राहते. माझे दोन बांबू पांढुर्ण्याच्या बाजारातून आले आणि पायऱ्या याच घरच्या बाभळीच्या आहेत. मला शालिकरामने बनवले. तो सुतार नाही, पण त्याच्या हातात कसब आहे. मी तयार होत असताना इंदूबाई समोर उभ्या होत्या.

"शालिकभाऊ, खालची पायरी रुंद ठेवजा. मले पाय ठेवाले लागते."

"वहिनी, शिडी चढासाठी असते. उभं राहासाठी नाही."

"चढणारा चढीन. धरणाऱ्याले जागा नको का?"

म्हणून माझी सर्वांत खालची पायरी बाकीच्यांपेक्षा रुंद आहे. दुसऱ्या कोणत्याही शिडीला अशी पायरी मी पाहिलेली नाही.

या घराची संत्र्याची मोठी बाग आहे. तिथला माल झाडावरच व्यापाऱ्याला विकला जातो. तोडणारी माणसे आणि त्यांच्या शिड्या व्यापारीच आणतो. घरामागची पाच झाडे मात्र इंदूबाईंची होती. त्यांची फळे विकायची नाहीत असा इंदूबाईंचा नियम होता. पहिली टोपली जामसांवलीला मारुतीसमोर जायची आणि बाकीची फळे गावात वाटली जायची. ही पाच झाडे पुंडलिकराव आणि इंदूबाई दोघे मिळून तोडत. त्या कामासाठी मी होते.

काम असे चाले. पुंडलिकराव मला झाडाला टेकवत. इंदूबाई खालच्या रुंद पायरीवर एक पाय ठेवत, दोन्ही हातांनी माझे दोन्ही बांबू धरत आणि म्हणत, "हं." त्यांनी "हं" म्हटल्याशिवाय पुंडलिकराव वर पाय टाकत नसत. एकदा घाईत ते आधीच चढू लागले, तर इंदूबाईंनी त्यांचे धोतर धरून त्यांना खाली ओढले होते. ते वर असताना त्यांची बडबड चालूच असे.

"अवो, वरतं कोणासंगं गोष्टी करून राहिले? खाली माहे पाय दुखून राहिले."

"झालं, झालं. एक फांदी राहिली."

"तुमची एक फांदी म्हणजे अर्धा दिवस. देठ ठेवजा फळाले."

लग्नाघरी मांडवाची माळ लावायला, भिंतीला चुना द्यायला लोक मला मागायला येत. इंदूबाई कधी नाही म्हणाल्या नाहीत, पण मला एकटीला त्यांनी कधी दिले नाही. "शिडी नेता तं धराले मी बी येते," असे म्हणत त्या माझ्यामागे निघत. गाव हसायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा. गावात माझ्यावरून कोणी पडले नव्हते आणि लोक म्हणत, शिडी असावी तर पुंडलिकरावांच्या घरची. ती स्तुती माझी नव्हती, पण मी ती घेतली.

मित्रांनो, शिडीला स्वतःच्या पायावर उभे राहता येत नाही. वर काहीतरी टेकायला लागते आणि खाली कोणीतरी धरायला लागते. मला याची कधी लाज वाटली नाही. ती माणसांना वाटते, हे मला इंदूबाई गेल्यानंतर कळले.

इंदूबाई दिवाळीच्या तोंडावर गेल्या. ताप आला, छातीत कफ भरला आणि संपले. पुंडलिकराव ओसरीतल्या खाटेवर जे बसले ते बसलेच. घरातले सगळे त्यांच्याशी फार चांगले वागले. खरे तर तिथेच चुकले. मुलगा प्रफुल्ल म्हणाला, "बाबा, तुम्ही आता काहीच करू नका. आयुष्यभर केलं." गायीचे पाणी सून अमिता पाहू लागली. चहा खाटेवर येई, जेवण खाटेवर येई. पुंडलिकराव उठून गोठ्याकडे निघाले की अमिता डोक्यावरचा पदर सावरत दारातून म्हणे, "बसा मामाजी, मी करते." ते पुन्हा बसत.

शालिकराम एकटाच वेगळे बोले. तो ओसरीखाली उभा राहून ओरडे, "पुंडलिका, खाटेवर अंडे उबवून राहिला का? चाल, पारापर्यंत जाऊ."

"पाय दुखते."

"बसून बसून दुखते. चालून कोणाचे दुखले?"

पण ते जात नसत.

इकडे पाच झाडांची फळे पिवळी झाली. मग ती गळू लागली. सकाळी झाडाखाली फळे पडलेली असत आणि गाय दोरी ताणून तिकडे पाही. अमिताच्या लक्षात आले होते. तिने प्रफुल्लला सांगितले, पण तो बोरगावच्या कारखान्यात पाळीवर जाई, आणि रविवारी बागेचे काम असे. पुंडलिकरावांच्याही लक्षात आले होते. खाटेवरून ती झाडे दिसतात.

एका दुपारी ते माझ्यापाशी आले. मला दोन्ही हातांनी धरले आणि ओढत झाडापर्यंत नेले. मी जड नाही, तरी ते दोनदा थांबले. मला फांदीला टेकवून त्यांनी घराकडे पाहिले. मागच्या दारात मोरीवर अमिता भांडी घासत होती. एक हाक मारली असती तर ती आली असती.

त्यांनी हाक मारली नाही. कारण मी सांगते. या घरात सून सासऱ्यासमोर पदर घेऊन वावरते, त्यांच्या समोर खाटेवर बसत नाही. शिडी धरायची म्हणजे सासऱ्याचे पाय सुनेच्या डोक्यावर येणार. शालिकरामला बोलवायचे तर तो चेष्टा करील. आणि आपल्याला धरायला माणूस लागते हे सांगायचे तरी कसे? इंदूबाईंना ते कधी सांगावे लागले नव्हते. त्या उभ्याच असत.

पुंडलिकरावांनी इकडेतिकडे पाहून एक दगड आणला आणि माझ्या पायाशी लावला.

मला बोलता येत नाही, पण करकरता येते. माझ्या पायाखालची माती पाण्याने ओली होती आणि ते मला कळत होते. मी मोठ्याने करकरायला हवे होते. मी गप्प राहिले. इतक्या दिवसांनी कोणी तरी मला हात लावला होता आणि त्यातच मी खूश होते. याची लाज मला आजही आहे.

ते वर चढले. एक टोपली अर्धी भरली. मग लांबच्या फळासाठी ते वाकले, दगड उलटला आणि मी घसरले. ते माझ्याबरोबर खाली आले.

पाय वाकडा झाला होता. त्यांना उठता येईना. मोरीवरून भांड्यांचा आवाज येत होता, अगदी स्पष्ट. मी वाट पाहत होते की आता हे हाक मारतील. त्यांनी दुपट्ट्याचे टोक तोंडात धरले आणि दातांनी चावले. भांडी धुऊन झाली. अमिता आत गेली. झाडाची सावली त्यांच्यावरून सरकून गेली आणि ते उन्हात आले, तरी ते तसेच पडून होते.

चहा घेऊन अमिता ओसरीत गेली तेव्हा खाट रिकामी होती. ती शोधत मागे आली.

"मामाजी! अरे देवा. कधी पडले?"

"आत्ताच."

तिने त्यांचे कोरडे ओठ पाहिले, टोपलीतल्या फळांना लागलेल्या मुंग्या पाहिल्या. "मी तं इथंच भांडे घासून राहिली होती. आवाज काऊन नाही देला?"

"तू कामात होती."

"कामात?" अमिता सासऱ्यासमोर कधी मोठ्याने बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "भांडे काय पळून जाऊन राहिले होते?"

तिने हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. "शालिकरामले बोलाव," म्हणाले. शालिकराम शेतात होता. त्याला आणेपर्यंत ते आणखी तसेच पडून राहिले.

घोट्याचे हाड मोडले होते. सौंसरला नेऊन प्लास्टर घातले. संध्याकाळी प्रफुल्ल आला आणि त्याने मला उचलून उकिरड्यामागे फेकले. "उद्या फोडून चुलीत घालतो."

अमिता म्हणाली, "शिडीनं काय केलं? तिले धराले कोणी होतं काय?"

प्रफुल्लने मान खाली घातली. मला फोडले गेले नाही, पण कोणी उचललेही नाही. मी गवतात आडवी पडून राहिले. पाच झाडांची उरलेली फळे माझ्या डोळ्यांसमोर गळून सडली. त्या वर्षी जामसांवलीला टोपली गेली नाही.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरने सांगितले, रोज कोणाचा तरी हात धरून चालायचे, नाही तर पाय कायमचा आखडेल. शालिकराम काही दिवस येऊन गेला, मग त्याच्या कापूस वेचणीच्या गडबडीत अडकला. प्रफुल्ल कामावर. घरात उरली अमिता, आणि तिचा हात पुंडलिकराव धरणार नव्हते. ते पुन्हा खाटेवर पडून राहू लागले.

एका सकाळी अमिताने खाटेवरचा दुपट्टा उचलला. एक टोक स्वतःच्या हाताला गुंडाळले आणि दुसरे त्यांच्यासमोर धरले.

"मामाजी, हात नका धरू. हे टोक धरा."

"लोक काय म्हणतीन?"

"म्हणतीन, बैल चालला."

बोलून गेल्यावर तिनेच जीभ चावली. सासऱ्याला बैल म्हणाली होती. पण पुंडलिकराव हसले. इंदूबाई गेल्यापासून मी ते हसणे ऐकले नव्हते. त्यांनी टोक धरले आणि उठले.

पहिल्या दिवशी ओसरीपासून तुळशीपर्यंत, मग गोठ्यापर्यंत, मग उकिरड्यापर्यंत. दुपट्टा दोघांमध्ये ताणलेला असे आणि दोघेही एकमेकांकडे पाहत नसत. कधी पाय अडखळला की दुपट्टा घट्ट होई आणि अमिता थांबे. मी गवतातून पाही. एके दिवशी पुंडलिकराव माझ्यापाशी थांबले, काठीने गवत बाजूला केले आणि म्हणाले, "हे इथं काऊन पडली?" दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भिंतीला टेकून उभी होते.

मग ते हळूहळू कामाला लागले. तुरीच्या शेंगा सोलल्या, गव्हाणीतला कचरा काढला. अमिता आता "बसा" म्हणत नसे. उलट विचारी, "मामाजी, गायीले पाणी दाखवलं का?" विसरले असतील तर ते लाजत आणि उठत.

पुढच्या वर्षी पाच झाडे पुन्हा भरली. दिवाळीनंतर अमिताने साडी खोचली आणि मला स्वतः उचलून नेले. "मामाजी, तुम्हाले चढाचं नाही. मी चढते. तुम्ही पाय ठेवा."

सून वर आणि सासरा खाली, हे तर त्यांना आणखीच अवघड होते. ते बराच वेळ उभे राहिले. शालिकराम कुंपणापलीकडून पाहत होता, पण त्या दिवशी त्याने चेष्टा केली नाही. शेवटी पुंडलिकराव पुढे आले. रुंद पायरीवर चांगला पाय ठेवला, दोन्ही हातांनी मला धरले आणि नजर जमिनीवर खिळवली. त्यांची पकड पक्की होती. मी घसरले नाही. संध्याकाळी प्रफुल्ल जामसांवलीला टोपली घेऊन गेला.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी कोणी दुःखाने बसून असेल तर त्याला नुसते बसवून ठेवू नका. त्याच्या हाताला काम द्या आणि त्याच्यासोबत उभे राहा. आणि तुम्ही कधी पडलात, तर जवळ कोण आहे ते पाहून मोठ्याने हाक मारा. प्रत्येकाच्या शिडीला खालची पायरी असते आणि तिच्यावर कोणाचा तरी पाय असावा लागतो, यात कमीपणा काही नाही.

हे मी तुम्हाला सांगते, पण माझ्याच घरी ते पूर्ण झालेले नाही. परवा पाण्याची बादली उचलताना पुंडलिकरावांची कंबर धरली. अमिता आत होती. ते बादली तशीच ठेवून दाराकडे तोंड करून उभे राहिले. ओठ हलले. मग तिथेच वाट पाहत राहिले, ती कशाला तरी बाहेर येईपर्यंत. अमिता आली आणि काही न विचारता बादली उचलून गेली. ती नेहमी अशी स्वतःहूनच येते. पुंडलिकरावांनी तिला अजून एकदाही हाक मारलेली नाही.