खुर्चीत बसलेला नवा माणूस

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. घरातली नव्हे, सलूनमधली. माझे बूड ओतीव लोखंडाचे आहे, अंगावर काळे रेक्झिन आहे आणि बाजूला एक दांडी आहे. ती दाबत गेले की मी वर वर जाते. लहान मुलांना माझी ही एवढी एकच गोष्ट आवडते. बाकी मला पाहून ती रडतात.

त्याचे मला वाईट वाटत नाही. माणूस घाबरला की सगळ्यात आधी ते मला कळते. चेहरा हसरा असतो, पण बोटे माझे हात घट्ट आवळतात आणि पाठ ताठ होते. आज मी तुम्हांला जे सांगणार आहे, तेही भीतीबद्दलच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडाचा रस साच्यात पडला, थंड झाला, घासून गुळगुळीत झाला. मग गोणपाटात गुंडाळून, टेम्पोत घालून मला बाजारातल्या एका अरुंद दुकानात आणले. समोर भिंतभर आरसा होता. दुकानाच्या मालकाला सगळे ‘रेडिओ’ म्हणत, कारण शटर वर गेले की त्याचे तोंड सुरू व्हायचे, ते शटर खाली येईपर्यंत. गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा आणि स्वतःच्या ओठांवर विनोद, दोन्ही एकाच वेळी चालायचे. गिऱ्हाईक हसून हलू नये म्हणून विनोदाचा शेवट तो वस्तरा उचलल्यावरच सांगायचा. त्याच्या हाताखाली माणसे चक्क घोरायची. गळ्याशी पाते असताना घोरणे म्हणजे केवढा विश्वास! तो रोज मला पुसायचा, तेल द्यायचा. पण स्वतः माझ्यावर कधीच बसला नाही. “गिऱ्हाइकाच्या जागेवर बसलं की हात आळसावतो,” असे म्हणायचा.

एका सकाळी त्याच्या हातून कंगवा पडला. “कंगव्याला पाय फुटले वाटतं!” तो म्हणाला आणि सगळे हसले. थोड्या वेळाने कात्री पडली. या वेळी तो हसला नाही. सारखा पाय आपटू लागला, मुंग्या झाडाव्यात तसा. मग त्याने माझी पाठ धरली. धरता धरता तो खाली घसरत गेला आणि माझ्या लोखंडी बुडाला मिठी मारून जमिनीवर बसला.

“मला माझे पाय सापडत नाहीयेत,” तो म्हणाला.

मित्रांनो, इतका घाबरलेला आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. अर्धे केस कापलेले गिऱ्हाईक गळ्याभोवतीच्या कापडासकट गाडी आणायला रस्त्यावर धावले. रेडिओला उचलून नेले आणि शटर पडले.

अंधारात मी किती काळ उभी होते, मला सांगता येणार नाही. उंदरांनी माझे रेक्झिन कुरतडले. बाहेरून कोणी बोलत गेले की मी कान देऊन ऐके. नसांचा आजार आहे म्हणे. आता मानसुद्धा हलत नाही म्हणे. श्वासाला नळी लावली आहे म्हणे. प्रत्येक ‘म्हणे’ला माझा थरकाप उडे.

मग एक दिवस शटर वर गेले. दारात त्याची बायको उभी होती, तिला सगळे वहिनी म्हणतात. घर चालायला हवे होते. तिने लग्नानंतर इतकी वर्षे नवऱ्याचा हात कसा चालतो ते पाहिले होते. तिने आधी लहान मुलांचे केस कापले, मग मोठ्यांचे. पहिल्यांदा वस्तरा धरला तेव्हा ती आणि गिऱ्हाईक दोघेही घामाघूम झाले होते. काही लोक तोंड वाकडे करून निघून गेले, काही टिकले. शेजारचे घड्याळकाका त्यांतले एक. ते घड्याळे दुरुस्त करतात आणि तेव्हा येता-जाता विचारायचे, “वहिनी, आमचा रेडिओ कधी लागणार?”

रेडिओ लागला, पण फार उशिरा. आधी तो काठी टेकत आला, मग काठीशिवाय. सगळा बाजार दुकानात जमला. “वाचलास लेका!” “आता अगदी पूर्वीसारखा झालास!” लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. तोही हसत होता. पण त्याचे हात माझ्या पाठीवर होते आणि ते बर्फासारखे गार होते.

तो पूर्वीसारखा नव्हता. नळीमुळे आवाज घोगरा झाला होता. एकदा कोणी आग्रह केला म्हणून त्याने जुना विनोद सुरू केला आणि शेवटच विसरला. समोरचा माणूस तोंड उघडे ठेवून वाट पाहत राहिला. “अहो, रेडिओला खरखर आलीय,” वहिनी हसत म्हणाली. त्यानंतर त्याने विनोद सांगायचे सोडले. आरशाकडे तो बघेना. काम संपले की पडद्याआड जाऊन चप्पल काढायचा आणि पायाची बोटे एकेक करून चिमटायचा. पाय नुसता अवघडला, तरी त्याचा चेहरा पांढराफटक पडायचा. डॉक्टरांनी ‘बरा झालास’ असे सांगितले होते. पण शरीराने एकदा दगा दिला होता, आणि आता शरीरावरचा त्याचा विश्वासच उडाला होता.

कात्री तो चालवू लागला. वस्तऱ्याला मात्र हात लावत नव्हता.

एका दुपारी घड्याळकाका माझ्यावर येऊन बसले. “आज तुझ्याच हातची दाढी. नाही म्हणू नकोस. वहिनी छान करते, पण तुझा हात तो तुझा हात.”

त्याला नाही म्हणता आले नाही. त्याने फेस लावला, एक गाल स्वच्छ केला. मी जरा निश्चिंत झाले होते. मग त्याने काकांची हनुवटी वर केली, पाते गळ्यावर टेकवले आणि थांबला.

माझ्या पाठीला त्याचे पोट टेकलेले होते. आत श्वास अडकलेला मला कळला. काकांची बोटे माझ्या हातांवर आवळली गेली.

“काय रे?” काका ओठ न हलवता पुटपुटले.

“काका, हलू नका,” तो म्हणाला. “बोटांना मुंग्या आल्यात. खऱ्या आहेत की भास, मला कळत नाहीये. अगं... अगं, इकडे ये!”

वहिनी मागे टॉवेल वाळत घालत होती. ती धावत आली. तिने आरडाओरडा केला नाही. आधी त्याचे मनगट धरले, मग अलगद पाते गळ्यापासून दूर नेले.

“मला भीती वाटतेय,” तो म्हणाला. पहिल्यांदाच म्हणाला. मग त्याला थांबता येईना. “तुम्ही सगळे त्या जुन्या माणसाची वाट बघताय. मीही त्यालाच शोधतोय. तो कुठेच नाही. त्याच्या दुकानात, त्याच्या घरात मी परका माणूस शिरल्यासारखा वावरतोय. तुम्हांला कळलं तर हाकलून द्याल, असं वाटतं.”

वहिनीने वस्तरा मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाली, “खोटं कशाला बोलू? मीपण त्याची वाट बघत होते. खूप बघितली. पण रोज ताट तुमच्यापुढेच वाढते ना मी? परक्याला कोण असं वाढतं?”

एका गालावर फेस घेऊन काका तसेच बसले होते. “मलाही घाम फुटला होता रे,” ते म्हणाले. “तुझ्यावर हट्ट करायला नको होता. वहिनी, एवढी अर्धी दाढी उरकता का? असा गेलो तर बायको घरात घेणार नाही.”

तो हसला, डोळे पुसत हसला. वहिनीने काकांची दाढी पुरी केली. काका उठले. मग तिने माझ्यावरचे केस झटकले आणि नवऱ्याला म्हणाली, “बसा.”

आणि मित्रांनो, तो बसला. एवढ्या वर्षांत मी त्याचा भार कधी उचललाच नव्हता. किती हलका होता तो! त्याची बोटे माझ्या हातांत रुतली होती. वहिनीने त्याची दाढी केली, मान पुसली. त्याने डोळे उघडले आणि आरशात कितीतरी वेळ बघत राहिला. ओळख नसलेल्या माणसाकडे बघावे तसा.

“हे पांढरे केव्हा आले?” त्याने कानाजवळच्या केसांना हात लावला.

“तुम्ही झोपून होतात तेव्हा. काळे करू?”

“नको. राहू दे.”

आता दुकानात दोघे असतात. तो उंच स्टुलावर बसून कात्री चालवतो, वस्तरा वहिनीच्या हाती असतो. त्याला कमी बोलताना बघून काही गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. जी येतात ती आता स्वतःच बोलतात, आणि तो ऐकतो. भीती गेलेली नाही. अजूनही मध्येच हात थांबतो, पण तो लपवत नाही. “अगं, मुंग्या आल्यात,” म्हणतो, आणि ती हातातले काम टाकून शेजारी येऊन उभी राहते. मलाही अजून भीती वाटते. पुन्हा तो घसरून खाली आला तर, हा विचार रोज एकदा तरी येतो.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरी कोणी मोठ्या आजारातून उठले, तर एक करा. ‘पूर्वीसारखे झालात ना?’ असे त्यांना विचारू नका. त्यांना स्वतःलाच ते ठाऊक नसते, आणि त्या प्रश्नाने ते घाबरतात. ‘आज कसे वाटते?’ एवढेच विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर जवळ बसून राहा.