वळचणीला आलेला मुलगा

"दिवा मालवा!" छायाबाबा गरजले आणि पुढच्या खोलीत दाटीवाटीने बसलेली तीस-चाळीस माणसं एकदम चिडीचूप झाली.

कुणीतरी ओसरीवरचा बल्ब बंद केला. टीव्हीवर घरापुढचं अंगण दिसत होतं. फाटक, फाटकाला टेकवलेली सायकल, चार कुंड्या, सगळं रंगीत. बाहेर तिन्हीसांजेचा उजेड विरत चालला होता. बाबांनी डोळे मिटून दोन्ही हात टीव्हीकडे केले. "ये बाळा, ये. आईची हाक ऐक. उजेड टाळून ये, वाऱ्यावर बसून ये, काचेच्या वाटेनं ये..."

त्यांचं 'ये, ये' संपायला आणि पडद्यावरचे रंग उडायला एकच गाठ पडली. अंगण काळंपांढरं झालं आणि फाटकापुढे एक पांढरी आकृती उभी राहिली. माणसापेक्षा उंच, डावा खांदा खाली कललेला, जागच्या जागी डुलणारी.

"तोच! खांदा बघा, खांदा!"

"अगं बाई, अगदी तस्साच उभा राहायचा गं!"

बायका रडायला लागल्या. गल्लीतला एक आडदांड ड्रायव्हर दारात हात जोडून उभा होता, त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. आणि सगळ्यांत पुढे खुर्चीवर बसलेल्या काकू मात्र रडत नव्हत्या. त्या टीव्हीकडे बघून हसत होत्या. पोरगं बाहेरून आलं की आई हसते, तशा.

मी मागे, चपलांच्या ढिगाजवळ उभा होतो. मी कॅमेरे बसवणारा. हा कॅमेरा याच हातांनी या घराच्या वळचणीखाली ठोकला होता. म्हणजे बाबांचा देव मीच आणून दिलेला, म्हणा ना.

काकू कपडे शिवायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा घरोघर पार्सलं पोचवायचा. जड पिशवी कायम डाव्या खांद्यावर, त्यामुळे खांदा कललेला. गाडीने उडवलं त्याला, गेल्या वर्षी. काकू एकट्या राहिल्या. त्यांची मुलगी दूरच्या गावी नोकरीला. आई दिवसभर दिसत राहावी म्हणून तिनेच दोन महिन्यांपूर्वी मला बोलावून कॅमेरा लावून घेतला होता.

त्याच मुलीचा त्या दिवशी दुपारी फोन आला. "दादा, आईच्या पायाला जखम झालीय. शुगर आहे तिला. घरी येऊन गेलेले डॉक्टर म्हणतात आजच्या आज भरती करा, आणि ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. त्या बाबाने सांगितलंय, एकवीस संध्याकाळी उंबरा ओलांडायचा नाही, नाहीतर भाऊ कायमचा जाईल. आज चौदावा दिवस. मी निघालेय, पण पोचायला सकाळ होईल. तुम्हीच लावलाय ना तो कॅमेरा? मग तुम्हीच बघा त्यात काय आलंय ते!"

काय आलंय ते मला फोनवरच कळलं होतं. लाज वाटली म्हणून बोललो नाही.

कॅमेरा वळचणीखाली लावतात तो पावसापासून वाचावा म्हणून. पण अगदी कोपऱ्यात, छपराच्या फळीला चिकटवून लावायचा नसतो. कोपऱ्यात हवा हलत नाही, कॅमेऱ्याच्या उबेला चिलटं येतात आणि चिलटांमागे कोळी येतो. मला हे पक्कं ठाऊक होतं. पण त्या दिवशी अजून दोन घरं उरकायची होती, आणि कोपऱ्यात वायर सरळ उतरत होती. म्हटलं, चालतंय की. आमच्या धंद्यातला सगळ्यांत महागडा शब्द हा, 'चालतंय की'. पुढे काकूंचा फोन आला होता, "अरे बाळा, संध्याकाळी काहीतरी पांढरं पांढरं दिसतं रे." मी म्हणालो, "उद्या येतो, काकू." तो उद्या काही उजाडला नाही. माझ्याऐवजी छायाबाबा आले.

गर्दीतून वाट काढत मी काकूंजवळ गेलो. उजव्या पायावर टॉवेल टाकलेला होता. टॉवेल जरा उचलला तर अंगठा काळा पडलेला आणि असा वास, की मी तोंड फिरवलं. अगरबत्त्या इतक्या का लावल्यात ते तेव्हा समजलं.

"काकू, दवाखान्यात चला. आत्ता. गाडी आणलीय मी."

"सातच दिवस राहिलेत रे. मग येते ना." त्यांची नजर टीव्हीवरून हलली नाही. "बघ, कसा उभाय. आत येत नाही. लाजतो."

"काकू, तो कॅमेऱ्यातला दोष आहे. माझ्या हातून..."

"दोष?" छायाबाबांनी मोठ्याने हसून सगळ्यांकडे बघितलं. "ऐकलंत? कारागीर म्हणतो दोष! अरे वेड्या, माणसाच्या डोळ्याला मोह असतो, काचेला मोह नसतो. म्हणून जे तुला-मला दिसत नाही ते काचेला दिसतं. सूक्ष्म देह पुण्यवान काच निवडतो!"

पुण्यवान काच! मी ती घाऊक बाजारातून खोक्याने आणतो. एका खोक्यात बारा पुण्यवान येतात आणि त्यातली एखादी हमखास बंद निघते.

"बाबा," मी म्हणालो, "दिवा लावून बोलवा की त्याला."

"उजेड त्याला सोसत नाही."

"बरं." मी ड्रायव्हरला म्हणालो, "भाऊ, ओसरीचा बल्ब लावा."

बाबा "खबरदार!" म्हणेपर्यंत त्याने बटण दाबलंही होतं. पडद्यावर रंग आले आणि मुलगा गेला. खोलीत हाय हाय झालं.

"आता बंद करा. आणि कुणी मंत्र म्हणू नका. नुसते कान वळचणीकडे ठेवा."

चार-पाच सेकंद गेले. छपराखालून बारीकसं 'टक्' ऐकू आलं. रंग उडाले, मुलगा हजर. कुणीही त्याला ये म्हटलं नव्हतं.

"हा आवाज कॅमेऱ्याचा," मी म्हणालो. "अंधार पडला की तो आतली एक काच सरकवतो आणि स्वतःचे छोटे दिवे लावतो. ते आपल्याला दिसत नाहीत, त्याला दिसतात. पाच सेकंद लागतात त्याला. बाबांचा मंत्र मोजून बघा, तेवढाच भरेल!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मला चेव आला. आता वाटतं तिथेच थांबायला हवं होतं. सगळ्यांना घराबाहेर काढून काकूंना हळू समजावायला हवं होतं. पण लोक माझ्या बाजूने झुकताना दिसले की जीभ सुटते माणसाची. बाबांत आणि माझ्यात त्या घटकेला फार फरक नव्हता, दोघांनाही गर्दी हवी होती.

मी गाडीतून शिडी आणून भिंतीला लावली, वर चढलो आणि ओरडलो, "टीव्हीकडे बघा!" कॅमेऱ्यापुढे बोट धरलं. आतून आवाज आला, "अबब! केवढा पांढरा खांब!"

"तो खांब माझं बोट आहे. भिंगाच्या इतक्या जवळ काहीही आलं की दिवे त्याच्यावर पडतात आणि ते धुरकट, राक्षसाएवढं दिसतं. इथे भिंगापुढे दोन बोटांवर कोळ्याचं जाळं आहे. दिवसा ते दिसत नाही. अंधारात कॅमेऱ्याचा उजेड पडला की पेटल्यासारखं दिसतं. डावीकडचा धागा तुटलाय, म्हणून तुमचा तो खांदा खाली! आणि वारा आला की डुलतंय!"

मी खिशातला ब्रश काढला.

"नको रे! नको!"

काकू दारात उभ्या होत्या. कधी उठल्या, त्या पायावर कशा चालल्या, देव जाणे. दाराची चौकट धरून त्या उंबरा ओलांडून ओसरीवर आल्या आणि त्यांनी माझ्या शिडीला मिठी मारली. "पुसू नकोस त्याला. कोळी असेना का, असू दे ना रे. मी कुणाला सांगणार नाही. असू दे."

पण ब्रश फिरला होता. आत कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "गेला!"

तेवढ्यात बाबांना सूर सापडला. "उंबरा ओलांडला! आईनेच घालवला लेकाला!" असं म्हणत ते चपला शोधायला लागले. ड्रायव्हरने त्यांची गचांडी धरली, लोक धावले, शिव्या, धक्काबुक्की, सगळा गोंधळ. कालपर्यंत पाया पडणारेच आज पहिला हात उचलत होते. मी शिडीवरून उतरलो होतो, माझं तिकडे लक्ष नव्हतं. शिडीच्या पायथ्याशी बसून काकू माझ्या ब्रशला चिकटलेलं कोळिष्टक बोटांनी सोडवत होत्या.

त्यांना उचलून गाडीत घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बघितला आणि मला बाहेर बोलावून विचारलं, "दहा दिवस कुठे होतात?" दहा दिवसांपूर्वी बोटावर भागलं असतं, म्हणाले. मुलगी सकाळी पोचली, तिने सही केली. घोट्याच्या वरून पाय काढला. उजवा पाय. याच पायाने त्यांनी तीस वर्षं शिलाई मशीन चालवलं, दोन पोरं वाढवली.

आठवड्याने भेटायला गेलो. हातात नेहमीची केळी. मुलगी बाटलीत पाणी भरायला गेली, तशी मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. कोपऱ्यात लावलेला कॅमेरा, न उजाडलेला उद्या, सगळं.

काकूंनी पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "तू आला असतास तर बरं झालं असतं."

"हो, काकू."

"पण तू खरं सांगितलंस ते बरोबर केलंस. नाहीतर मीही गेले असते आणि पोरगी एकटी पडली असती." त्यांनी माझं मनगट धरलं. "फक्त एक सांगते. दुसऱ्या कुणाच्या घरी असं दिसलं ना, तर आधी ती माणसं बाहेर काढ. त्या बाईच्या शेजारी बस. मग सांग. चाळीस जण बघत असताना माझा मुलगा दुसऱ्यांदा गेला रे."

मी रडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. समजूत कुणी कुणाची काढायची होती, आणि काढत कोण होतं!

छायाबाबा दुसऱ्या गावी असतील. गिऱ्हाइकांचा त्यांना तोटा नाही. माणसं मरतात, मागे उरलेल्यांचे डोळे वाट बघत राहतात, आणि वाट बघणाऱ्या डोळ्यांना कोळ्याचं जाळंसुद्धा पुरतं. अशा वाट बघणाऱ्यांना हसू नका. काकूंना मी वेडी म्हणणार नाही आणि कुणाला म्हणू देणार नाही.

पण हात जोडून सांगतो. कुणी म्हणालं, गेलेला माणूस पडद्यावर आला, भिंतीवर उमटला, अमक्याच्या अंगात बोलला, तर शिडी लावा, वर चढा, हात लावून बघा. ते जमत नसेल तर जाणत्या माणसाला बोलवा, आणि तो उद्या येतो म्हणाला तर दुसऱ्याला बोलवा. आणि त्याच्याही आधी, घरात जे जिवंत माणूस आहे त्याला दवाखान्यात न्या. भूत काय, थांबेल. जखम थांबत नाही.